विड्यांतील तुरट द्रव्य

कोंकणच्या किनाऱ्यावर सावित्री नदी जेथें समुद्रास मिळते, तेथें तिच्या उत्तर तीरावर हरिहरेश्वर हें क्षेत्र वसलेलें आहे. ‘दक्षिण काशी’ म्हणून त्याची ख्याति आहे. काळभैरवाचें व हरिहरेश्वराचें दर्शन घ्यावें आणि समुद्र ओहोटीस लागला म्हणजे खडकांवरून प्रदक्षिणा करावी, असा तेथील प्रघात. पेशव्यांचें मूळ गांव श्रीवर्धन त्याच तालुक्यांत असल्यामुळें महाराष्ट्रांतील पुष्कळ कुटुंबांचा ह्या भागाशीं पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. परंतु आज आम्हांस वाचकांचें लक्ष देवळाकडे नव्हे, तर दोन झाडांकडे वेधावयाचें आहे. एक झाड तेथील वाड्यांतून सरळ ओळींनीं उभें असतें, तें पोफळीचें. दुसरें रायगड जिल्ह्याच्या डोंगरउतारांवरील रानांत आढळतें, तें खैराचें.

पोफळीची सुपारी आणि खैराचा कात हे दोन पदार्थ आमच्या पानदानांत शेजारीं शेजारीं नांदत आले आहेत. त्यांचें खरें नातें मात्र पानदानांतलें नसून रसायनांतलें आहे. दोहोंचाहि तुरटपणा एकाच कुळांतील द्रव्यांमुळें येतो व त्या कुळांतील प्रमुख द्रव्यास शास्त्रज्ञ ‘कॅटेचिन’ म्हणतात. हेंच द्रव्य आणि त्याचीं भावंडें चहाच्या पानांत, कोकोच्या बियांत व सफरचंदांतहि असतात. हल्लीं वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून ‘फ्लॅव्होनॉइड’ ह्या नांवाचा जो गजर चालला आहे, तो ह्याच मोठ्या घराण्याचा. हिरवा चहा प्या, त्यांत कॅटेचिन आहे, म्हणजे हृदयास बळ येईल व म्हातारपण लांबेल, असें आपणांस सांगण्यांत येतें. मग एखाद्या चौकस वाचकास अशी शंका येणें साहजिक आहे, कीं जें द्रव्य चहांत इतकें हितकर, तें विड्यांत कां हितकर नसावें? आणि आजोबा तर तें आयुष्यभर सेवन करीत आले! ह्या शंकेचें उत्तर नीट समजून घेणें प्रत्येक घरास अगत्याचें आहे असें आम्हांस वाटतें.

प्रथम काताकडे वळूं. कात कसा होतो हें शहरांतील फारच थोड्यांनीं पाहिलें असेल. खैराचें खोड तोडून बाहेरचें पांढरें लांकूड बाजूस काढतात आणि आंतला तांबूस गाभा घेतात. त्याच्या बारीक ढलप्या पाण्यांत उकळून तो काढा आटवितात व थंड होऊं देतात. थंड होतां होतां त्यांतून फिकट रंगाचे बारीक कण खालीं बसतात. ते गाळून, दाबून व वाळवून ज्या वड्या पाडतात, तो खाण्याचा कात. वर जो काळसर दाट रस उरतो, त्यांत टॅनिन जातीचीं द्रव्यें असतात. तो रस चामडें कमावण्यास, मासेमारीचीं जाळीं व शिडें टिकाऊ करण्यास आणि कापड रंगविण्यास वापरीत असत. चामडें कमावण्याची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

हा धंदा ज्यांचा होता, त्यांचें नांवच त्यावरून पडलें. रायगड, ठाणें व रत्नागिरी ह्या भागांतील कातकरी किंवा काथोडी लोक रानांत भट्ट्या लावून कात काढीत. इंग्रजी अमदानींत १८७८ च्या कायद्यानें सरकारी जंगलांचे निर्बंध कडक झाले, खैर तोडण्याची मोकळीक गेली आणि ह्या लोकांच्या हातचें काम सुटलें. पुढें त्यांतील अनेकांच्या वांट्यास कोळसा पाडण्याची व विटांच्या भट्ट्यांवरील मजुरी आली. आज भारत सरकारनें विशेष दुर्बल म्हणून गणलेल्या महाराष्ट्रांतील आदिवासी जमातींत कातकऱ्यांचा समावेश आहे. काताचे कारखाने अद्यापहि कोंकणांत आहेत. चिपळूण तालुक्यांतील सावर्डें गांवाचा परिसर त्यासाठीं प्रसिद्ध आहे. पण काताची विद्या ज्यांनीं रानांत सांभाळली, त्यांच्या हातीं आज त्यांचें केवळ नांव उरलें आहे.

आणि तेंच नांव एका अर्थानें साऱ्या जगांत गेलें आहे. पूर्वेकडील व्यापारांतून युरोपांत गेलेल्या काताला तिकडे ‘कॅटेचू’ म्हणूं लागले. त्या कॅटेचूंतून जें शुद्ध द्रव्य निघालें, तें कॅटेचिन. तेव्हां लंडनचा किंवा टोकियोचा रसायनशास्त्रज्ञ चहांतील कॅटेचिनाविषयीं बोलतो, तेव्हां तो नकळत काताचेंच नांव घेत असतो. गंमत अशी, कीं लिनियसनें १७५३ मध्यें पोफळीस शास्त्रीय नांव दिलें, त्यांतहि ‘कॅटेचू’ हाच शब्द घातला. आणि खैराच्या शास्त्रीय नांवांतहि तोच आहे. नामकरण करणाऱ्यांच्या मनांत कात व सुपारी यांची गल्लत झालेली असो वा नसो, रसायनाच्या दृष्टीनें तें नांव दोन्ही झाडांस शोभतें.

आतां द्रव्याच्या घडणीकडे. फ्लॅव्होनॉइड घराण्यांतील प्रत्येक रेणूचा सांगाडा कर्बाच्या १५ अणूंचा असतो. सहा सहा अणूंचीं दोन कडीं, आणि त्यांस जोडणारा तीन अणूंचा दुवा, अशी त्याची रचना. जुन्या घराची उपमा द्यावयाची तर दोन टोकांस दोन खोल्या व मध्यें माजघर. दोन खोल्या सर्व घरांत बहुधा सारख्याच असतात. माजघराच्या मांडणींत फरक पडला कीं घराण्याची शाखा बदलते. कांद्याच्या सालींतील क्वेर्सेटिन, कोकमाचा व जांभळाचा रंग देणारीं अँथोसायनिनें आणि काताचें कॅटेचिन हीं सारीं अशीं चुलतभावंडें. पैकीं पहिलीं दोन रंगीत आहेत. कॅटेचिनाचें माजघर मात्र असें मांडलेलें आहे, कीं तें शुद्ध स्थितींत बिनरंगी असतें. विडा तांबडा होतो म्हणून त्यांतील मूळ द्रव्यहि तांबडें असेल, ही समजूत बरोबर नव्हे.

कॅटेचिनाच्या एका रेणूंत कर्बाचे १५, हायड्रोजनचे १४ व प्राणवायूचे ६ अणु असतात. त्या सहांपैकीं एक प्राणवायु माजघरांत बसतो. उरलेले पांच हायड्रोजनशीं जोडी करून रेणूच्या कडेस लोंबत असतात. द्रव्याचे बहुतेक सारे गुणावगुण ह्या पांच जोड्यांत आहेत. त्यांतहि एका कड्यावर ज्या दोन जोड्या अगदीं शेजारीं शेजारीं आहेत, त्यांचें महत्त्व सर्वांत अधिक. त्या आपला हायड्रोजन सहज सोडतात, लोहासारख्या धातूला चिमट्यांत धरतात आणि प्रथिनांना चिकटतात. शिवाय माजघरांतील दोन कर्बाणूंवर जोडण्या डावीकडे कीं उजवीकडे असा भेद संभवतो व त्यामुळें एकाच सूत्राचीं चार रूपें होतात. दोघांना कॅटेचिन व दोघांना एपिकॅटेचिन म्हणतात. कार्ल फ्रॉइडेनबर्ग ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १९२० नंतरच्या दशकांत ह्या रचनेचा उलगडा करण्यांत मोठें काम केलें.

ह्या घराण्याच्या अभ्यासांत आपलाहि वांटा आहे, हें येथें नमूद करणें योग्य होईल. फ्लॅव्होन जातीचीं द्रव्यें प्रयोगशाळेंत तयार करण्याची जी एक प्रसिद्ध अभिक्रिया आहे, तिला बेकर व वेंकटरामन यांचीं नांवें आहेत; दोघांनीं ती १९३३-३४ च्या सुमारास परस्परांपासून स्वतंत्रपणें प्रसिद्ध केली. हे कृष्णस्वामी वेंकटरामन पुढें मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे संचालक झाले आणि १९५७ मध्यें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

हें द्रव्य तोंडांत गेल्यावर काय करतें? प्रथम तें लाळेंतील प्रथिनांना चिकटतें. लाळेचा बुळबुळीतपणा त्या प्रथिनांमुळें असतो. तीं बांधलीं जाऊन सांकळलीं, कीं जीभ व टाळू एकमेकांस घासूं लागतात. त्या घासण्यासच आपण तुरट चव म्हणतों. एकटें कॅटेचिन बेताचें तुरट. परंतु त्याचे अनेक रेणु एकापुढें एक जोडले जाऊन लांब सांखळ्या झाल्या म्हणजे त्यांचें टॅनिन होतें आणि तुरटपणा फार वाढतो. सुपारींत एकटें कॅटेचिन व अशा सांखळ्या, दोन्ही असतात. कोवळ्या सुपारींत त्यांचें प्रमाण अधिक. ती पिकत जाते तसतसें तें कमी होतें.

मग पानास लावलेला चुना आपलें काम सुरू करतो. चुना तीव्र अल्क आहे. अल्काच्या संगतींत कॅटेचिनाला हवेंतील प्राणवायु ताबडतोब पकडतो. त्या दोन शेजारच्या जोड्यांतील हायड्रोजन जातो, रेणु एकमेकांस जोडले जातात आणि बिनरंगी द्रव्याचें तांबडें द्रव्य बनतें. विडा रंगला असें आपण कौतुकानें म्हणतों, तो रंग हाच. परंतु ह्या क्रियेंत रंगाबरोबर आणखी कांहीं उत्पन्न होतें. कात व सुपारी यांचे अर्क तीव्र अल्कांत ठेवले असतां त्यांतून सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड हीं दाहक द्रव्यें निघतात, असें १९८७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. पेशींतील आनुवंशिक द्रव्यास इजा करणारीं तीं हींच. म्हणजे ज्या कॅटेचिनाची ‘प्राणवायूच्या माऱ्यापासून रक्षण करणारें’ अशी ख्याति, तेंच चुन्याच्या संगतींत तो मारा निर्माण करणारें ठरतें. रेणु तोच, संगत बदलली.

ह्या द्रव्यांची जी स्तुति चालते तिला मुळींच आधार नाहीं असें मात्र नव्हे. हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनीं १९३६ मध्यें लिंबाच्या सालींतील फ्लॅव्होनॉइडें केशवाहिन्या बळकट करतात असें मत मांडून त्यांस ‘जीवनसत्त्व पी’ असें नांव दिलें. त्यांस पुढल्याच वर्षीं इतर मोठ्या कार्यासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु हीं द्रव्यें आहारांत नसल्यानें अमुक रोग होतो असें सिद्ध होईना, तेव्हां तें नांव मागें पडलें. पुढें परीक्षानळींत ह्या द्रव्यांची प्राणवायुरोधक शक्ति मोजण्याची टूम निघाली आणि निरनिराळ्या अन्नांचे अंक प्रसिद्ध होऊं लागले. अमेरिकेच्या शेतीखात्यानें असें एक मोठें कोष्टक प्रसिद्ध केलें होतें. तें २०१२ मध्यें काढून घेतलें, कारण नळींतील अंकावरून शरीरांतील लाभ ठरत नाहीं व व्यापारी लोक त्या अंकांचा दुरुपयोग करीत होते.

शरीर ह्या पाहुण्यांचें स्वागत फारसें करीत नाहीं, हेंहि येथें लक्षांत घ्यावें. पोटांत गेलेल्या कॅटेचिनाचा थोडाच भाग रक्तांत शिरतो. आंतडें व यकृत त्याला लागलीच इतर द्रव्यांशीं जखडून टाकतात आणि कांहीं तासांत तें बहुतेक बाहेर जातें. उरलेलें मोठ्या आंतड्यांत उतरतें व तेथील जंतु त्याचे तुकडे करतात. चहा, फळें व भाज्या यांनीं युक्त असा आहार घेणारीं माणसें सामान्यतः निरोगी असतात, हें खरें. पण त्याचें सारें श्रेय एका रेणूस देणें म्हणजे संबंध बैठकीचा मान एकट्या तबलजीस देण्यासारखें आहे.

ह्याच कॅटेचिनाचें औषध करून पाहण्यांत आलें होतें, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. युरोपांत ‘सायनिडानोल’ नांवानें शुद्ध कॅटेचिन यकृताच्या विकारांवर दिलें जात असे. वनस्पतींतून आलेलें, चहांतहि असलेलें द्रव्य. त्याचें भय कोणास वाटणार? परंतु कांहीं रुग्णांच्या शरीरांत त्यामुळें स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशींचा नाश होऊं लागला व पंडुरोग झाला. तेव्हां १९८५ मध्यें तें बाजारांतून काढून घ्यावें लागलें. तशीच गोष्ट हिरव्या चहाच्या अर्काची. चहा म्हणून पिण्यांत तो सामान्यतः निरुपद्रवी आहे. पण त्यांतील प्रमुख कॅटेचिन गोळ्यांच्या रूपानें दिवसास ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृतास इजा होत असल्याचीं चिन्हें दिसतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनें २०१८ मध्यें दिला. ‘वनस्पतीचें आहे, मग अपाय कसला?’ हें वाक्य आमच्या घरांतून आतां निघून जावें.

चहाचा विषय निघालाच आहे, तर गृहिणींसाठीं एक उपयुक्त गोष्ट सांगतों. कॅटेचिनाचा लोहास पकडून ठेवण्याचा गुण वर सांगितला आहे. जेवतांना अगर जेवण होतांच चहा घेतला, तर भाकरी, डाळी व पालेभाज्या यांतील लोह ह्या द्रव्यांनीं जखडलें जातें आणि अंगीं लागत नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा ५७ स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. अशा स्थितींत सकाळच्या न्याहारीबरोबरचा चहा तासभर पुढें ढकलणें आणि जेवणांत लिंबाची फोड ठेवणें, हे दोन बिनखर्चाचे उपाय आहेत. लिंबांतील जीवनसत्त्व क लोह शोषून घेण्यास मदत करतें. घरांत सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेनें व गरोदर लेकीनें तर ह्याकडे अवश्य लक्ष द्यावें.

आतां ज्यासाठीं हा सारा प्रपंच, त्या सुपारीकडे येऊं. सुपारींत कॅटेचिनाच्या जोडीला अ‍ॅरेकोलीन नांवाचें दुसरें द्रव्य असतें. त्याचें प्रमाण शेंकडा एकाहूनहि कमी; पण मज्जातंतूंवर त्याचा अंमल चालतो. नवख्यास ‘सुपारी लागते’, घाम फुटतो, छाती भरून येते, तें ह्याच्यामुळें. आणि जुन्यास सुपारीवांचून चैन पडत नाहीं, तेंहि ह्याच्याचमुळें. १९५२ मध्यें श्वार्ट्झ ह्या वैद्यानें पूर्व आफ्रिकेंतील पांच भारतीय स्त्रियांच्या तोंडांत एक चमत्कारिक रोग पाहिल्याचें लिहिलें. तोंडाच्या आंतली कातडी पांढुरकी व ताठ झालेली, तिखट सोसत नाहीं आणि जबडा पुरता उघडत नाहीं. पुढच्याच वर्षीं मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनीं आपल्याकडील रुग्णांवरून त्याच रोगाचें वर्णन करून त्यास नांव दिलें. मराठींत त्यास आपण तोंड आंखडण्याचा रोग म्हणूं.

हा रोग कसा होतो हें पुढें हळूहळू उलगडलें, आणि तेथें आमच्या ह्या तुरट द्रव्याची भूमिका दिसून आली. आपल्या कातडीखालीं कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे धागे असतात. शरीर ते नित्य विणतें आणि नित्य उसवतें. जुने धागे मोडून नवे घालण्याचें काम जन्मभर चालतें. अ‍ॅरेकोलीन विणणाऱ्या पेशींना चेतवितें, म्हणजे धागे अधिक निघतात. सुपारींतील तांबें त्या धाग्यांची गुंफण घट्ट करणाऱ्या विकरास चालना देतें. आणि कॅटेचिन व त्याच्या सांखळ्या त्या धाग्यांना असे चिकटतात, कीं उसवणाऱ्या विकरास ते तोडतांच येत नाहींत. विणणें वाढलें, उसवणें थांबलें. मग गालाचा मऊ पडदा दोरखंडासारखा ताठ न झाला तरच नवल. वाचकांस काताचा तो काळसर रस आठवत असेल. चामडें कमावणारा मेलेल्या जनावराच्या कातड्यावर टॅनिनाची जी क्रिया करतो, तीच क्रिया सुपारी खाणारा आपल्या जिवंत गालावर वर्षानुवर्षें करीत असतो. कुंडांतील कातड्यास ती टिकाऊ करते. जिवंत गालास ती निरुपयोगी करते.

आणि गोष्ट तोंड आंखडण्यावर थांबत नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागानें केरळांतील एर्नाकुलम जिल्ह्यांत ह्या रोगाच्या ६६ रुग्णांवर १७ वर्षांच्या काळांत नजर ठेविली. त्यांपैकीं शेंकडा ७.६ जणांस तोंडाचा कर्करोग झाला, असें १९८५ मध्यें प्रसिद्ध झालें. तंबाखू मिसळलेल्या विड्याविषयीं तेव्हांच निर्णय झाला होता. पुढें जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्थेनें २००४ च्या ग्रंथांत तंबाखूशिवायचा विडा आणि नुसती सुपारी ह्या दोहोंनाहि मनुष्यांत निश्चितपणें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें. ‘आमच्या पानांत तंबाखू नसतो’ हें समाधान त्या दिवसापासून फोल झालें आहे.

येथें दोन आक्षेप येतील, आणि ते आदरानें ऐकले पाहिजेत. पहिला असा, कीं आयुर्वेदानें तांबूलाचे गुण गायिले आहेत; चरकानें तर खैर हा कुष्ठावरील श्रेष्ठ औषध मानिला आहे. तें आम्हांस मान्य आहे. परंतु औषध वैद्याच्या हातून, मात्रेनें आणि मुदतीनें घ्यावयाचें असतें. खदिरारिष्ट चमच्यानें मोजून घेणारा माणूस आणि दिवसांतून दहा वेळां अडकित्ता चालवून खांड गालांत धरून ठेवणारा माणूस, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. दुसरा आक्षेप असा, कीं आमचे आजोबा ऐंशी वर्षें खात आले, त्यांस कांहीं झालें नाहीं. झालें नाहीं ही ईश्वराची कृपा. पण वरील अंकाचा अर्थच असा, कीं पुष्कळांस कर्करोग होणार नाहीं आणि थोड्यांस तो होईलच. आपण त्या थोड्यांत आहों कीं नाहीं, हें खातांना कोणासहि कळत नाहीं.

शिवाय आजोबांची सुपारी आणि नातवाची सुपारी ह्या एक नव्हेत. आजोबांचा विडा जेवणानंतर, बैठकीवर बसून, पांच मंडळींत होत असे. नातू शाळेच्या वाटेवरील दुकानांतून गोड सुगंधी सुपारीची पुडी घेतो आणि एकटा खातो. महाराष्ट्रांत २०१२ मध्यें गुटखा व पानमसाला यांवर बंदी घालण्यांत आली, परंतु बंदीनें संवय मोडत नाहीं. ती घरांतच मोडावी लागते. आणि ती लागतेहि बहुधा घरांतच. आजोबांच्या मांडीवरील नातवंडास कौतुकानें दिलेला सुपारीचा एक तुकडा, ही तिची पहिली पायरी असते.

मात्र सुपारीविरुद्ध बोलतांना हरिहरेश्वर व श्रीवर्धन येथील वाडीवाल्यांस विसरून चालणार नाहीं. श्रीवर्धनी रोठा सुपारीचा दाणा मोठा आणि आंतून पांढरा. बाजारांत तिचें नांव आहे. त्या वाड्या पिढ्यांच्या मेहनतीनें उभ्या राहिल्या. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यावर आदळलें आणि नारळी-पोफळीच्या हजारों झाडांचीं खोडें कांहीं तासांत मोडून पडलीं. पोफळ लावल्यापासून फळावर येण्यास पांच ते आठ वर्षें लागतात. तेव्हां त्या एका दिवसाचा घाव कुटुंबांनीं वर्षानुवर्षें सोसला. अशा माणसांना ‘तुमचें पीक विषारी आहे’ असें दुरून बजावणें सोपें आहे. पण तें न्यायाचें नव्हे.

न्यायाचा मार्ग असा दिसतो, कीं मागणी एकाएकीं नाहींशी होणार नाहीं, हें जाणून वाडीनें दुसऱ्या पिकांचा आधार वाढवावा. पोफळीच्या सांवलींत मिरी, जायफळ, दालचिनी व केळ हीं चांगलीं येतात. श्रीवर्धन येथें कोंकण कृषि विद्यापीठाचें सुपारी संशोधन केंद्र आहे. पोफळीबरोबर वाडींत आणखी काय घ्यावें, ह्याचा सल्ला तेथें विचारतां येतो. क्षेत्रास जाणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनीं परततांना सुपारीऐवजीं तेथील मिरी, जायफळ, कोकमाचीं आमसुलें घ्यावीं. वाडीवाल्याच्या हातांत पैसा जाईल आणि आपल्या घरांत रोग येणार नाहीं.

पूजेंतील सुपारीचें काय? तिला आमची कांहींच हरकत नाहीं. गणपति म्हणून पाटावर मांडलेली सुपारी, लग्न ठरतांना फोडलेली सुपारी, पत्नीच्या गैरहजेरींत यजमानानें कडोसरीला लावलेली सुपारी, ह्यांपैकीं एकहि कोणाच्या गालांत जात नाहीं. अक्षतांचा मान आहे म्हणून कोणी त्या शिजवीत नाहीं. तसाच सुपारीचा मान देवापाशीं राहूं द्यावा. आल्या पाहुण्यास तबक पुढें करावयाचें तर त्यांत बडीशेप, वेलची, लवंग, ओवा, भाजलेले तीळ व खोबरें ठेवावें. नागवेलीचें नुसतें पान, गुलकंद घालून पण सुपारी, कात, चुना व तंबाखू यांवांचून, हाहि चांगला पर्याय आहे. विड्याची रीत राहील आणि त्यांतील धोका जाईल.

ज्या घरांत वडीलधारीं माणसें कित्येक वर्षें सुपारी खात आलीं आहेत, तेथें एक साधी परीक्षा घ्यावी. तोंड पूर्ण उघडून स्वतःचीं तीन बोटें उभीं धरून दातांमध्यें जातात कीं नाहीं, तें पाहावें. जात नसतील, तिखट पूर्वीपेक्षां झोंबत असेल, गालाच्या आंत पांढरे चट्टे अगर ताठ दोऱ्या हातास लागत असतील, किंवा एखादी जखम दोनतीन आठवड्यांत भरत नसेल, तर संकोच न करतां दंतवैद्यास वा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञास दाखवावें. सुपारी त्याच दिवशीं सोडावी. आंखडलेलें तोंड पूर्ववत् होणें कठीण. पण आणखी आंखडणें थांबवितां येतें, आणि कर्करोग आरंभींच सांपडला तर बरा होण्याची आशा मोठी असते. हें सांगतांना वडिलांचा अवमान होतो असें सुनांनीं व नातवंडांनीं मानूं नये. औषधाची वेळ जशी आपण त्यांना आठवण करून देतों, तशीच हीहि आठवण द्यावी.

कॅटेचिन हें द्रव्य स्वभावतः ना देव, ना दैत्य. चहाच्या पेल्यांत तें बेताचें हितकर, भरल्या ताटाशेजारीं तें लोहाचें शत्रु, गोळीच्या रूपानें तें यकृताची परीक्षा पाहणारें आणि चुना व सुपारी यांच्या संगतींत तें गालाचें चामडें करणारें. तेव्हां एखाद्या पदार्थांत अमुक फ्लॅव्होनॉइड आहे अशी जाहिरात वाचनांत आली, म्हणजे आमच्या वाचकांनीं तीन प्रश्न विचारावे: किती, कशाबरोबर, आणि किती दिवस? ह्या तिहींचें उत्तर मिळाल्याविना पैशाची पिशवी उघडूं नये, आणि तोंडहि उघडूं नये.